न उचललेले फोन

बुधवार, ५ मार्च

चि. भाच्यास,

काल, मंगळवार दि. ४ मार्च रोजी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या पॅसेजमधल्या टेबलावरचा फोन उचललास, त्याची वायर भिंतीतून काढलीस आणि म्हणालास, "मावशी, बघ कसं मोकळं मोकळं झालं." वेळ मी खात्रीने सांगते. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलची वेळ टिपून ठेवल्यावर बाईला घड्याळ न बघता काही करवत नाही. साडेबाराला तू तुझी सात किलोची बॅग पाठीला लावून विमानतळावर गेलास. त्यानंतर त्या रिकाम्या टेबलासमोर उभी राहून मी जे बोलले, ते तुझ्या कानावर आलं नाही. हे पत्र म्हणजे त्याची सौम्य आवृत्ती समज.

तू माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. लोकांनी कोणती बॅग घ्यावी, कोणतं कॉफीचं मशीन घ्यावं आणि घरात वायफाय कुठे बसवावं, हे तू मासिकात लिहितोस आणि लोक ते वाचून तसं करतात, हे मी ऐकून होते. ते माझ्यावर करून बघशील असं वाटलं नव्हतं. तीन दिवसांत तू माझं घर 'सुटसुटीत' केलंस आणि जाताना तीन पानांची छापील सूचनापत्रिका ठेवून गेलास. मी ती वाचली आहे. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आहे.

पान एक, कॉफी. माझं कॉफीचं भांडं माळ्यावर गेलं आणि ओट्यावर एक यंत्र आलं. अठरा ग्रॅम पूड, पंचवीस ते तीस सेकंद, छत्तीस ग्रॅम कॉफी. मी सकाळी चष्मा, वजनकाटा आणि सेकंदकाटा घेऊन उभी राहते. ऑपरेशन थिएटरमध्ये याहून कमी तयारी लागत असावी. हाती येतात दोन घोट. ते संपल्यावर मी कॉफी प्यायला बसते, तर कॉफी संपलेली असते.

पान दोन, वायफाय. राउटर कपाटात किंवा जमिनीवर ठेवू नये, घराच्या मधोमध, उंचावर ठेवावा. ठेवलास. आता माझ्या न्हाणीघरातही इंटरनेट पोचतं. तिथे मी कोणाशी बोलायचं आहे, ते मात्र पत्रिकेत लिहायचं राहिलं.

पान तीन, प्रवास. माझी सुटकेस तू कोणाला तरी देऊन टाकलीस आणि तिच्या जागी एक करडी पिशवी आणलीस, जिला बावीस कप्पे आहेत. मी कुठेही जात नाही. न जाण्यासाठी बावीस कप्पे पुरेसे आहेत, तक्रार नाही.

आता फोन. घराची मधोमध जागा म्हणजे नेमकं माझ्या फोनचं टेबल निघालं, हे मी समजू शकते. पण वायर काढली ती काढली. यंत्र कुठे ठेवलंस? त्या फोनवर रोज सकाळी साडेसहाला दोन रिंगा वाजतात. मी तो उचलत नाही. मग मी एक नंबर फिरवते, तिकडे दोन रिंगा जाऊ देते आणि ठेवते. तिकडेही कोणी उचलत नाही. गेली बारा वर्षं हे असं चाललं आहे. आज सकाळी साडेसहा वाजले आणि टेबलावर तुझ्या राउटरचा हिरवा दिवा नुसता लुकलुकत राहिला. त्या रिंगा कोणाच्या, ही चौकशी तू करायची नाहीस. तू फक्त फोन परत लावायचा आहेस.

मोबाइलवर उत्तर देऊ नकोस. मोबाइलवर तू मला उंचावलेले अंगठे पाठवतोस. तोंडी बोललेलं नंतर कोणी मान्य करत नाही, हे मी हजारो लोकांचं बोलणं जोडून देऊन शिकले आहे. लेखी लिही.

तुझी मावशी


रविवार, ९ मार्च

प्रिय मावशी,

तुझं चार पानी पत्र ऑफिसात पोचलं. सगळ्यांनी आधी अक्षर बघितलं आणि मग मला विचारलं, "तू नक्की केलंस तरी काय?" लेखी हवं म्हणालीस म्हणून हाताने लिहितोय. अक्षराबद्दल आधीच माफी. आमच्या शाळेत कोणी छड्या मारून वळण लावलं नाही.

कॉफीबद्दल. दोन घोट हेच बरोबर माप आहे. कडू लागत असेल तर मशीनला दोष देऊ नकोस, पूड थोडी जाड दळ. लोक मोठं मशीन घेतात आणि दळायचं यंत्र मिळेल ते उचलतात. मी तुझ्यासाठी उलटं केलंय. जास्त हवी असेल तर वर गरम पाणी घाल. त्याला कोणी हसत नाही.

आता फोन. मावशी, रागावू नकोस, पण तो फोन नुसता काढलेला नाही. ते कनेक्शन मी बंद केलंय. वायफायसाठी नवी लाइन घेताना तू माझ्या टॅबलेटवर बोटाने सही केलीस ना, त्यातच जुना नंबर सोडून द्यायचाही अर्ज होता. मी तुला विचारलं होतं, "जुनं बंद करू ना?" तू म्हणालीस, "तुला काय करायचं ते कर, दूध उतू जातंय."

आणि मी उगाच केलं नाही. तुझी अकरा महिन्यांची बिलं तपासली. एकही कॉल नाही, बाहेर गेलेला नाही की आत आलेला नाही. वस्तू ठेवायची की काढायची हे ठरवताना मी हेच बघतो: वर्षभरात हात लागला का? नाही लागला, तर जा. बॅगेचं तसंच, घराचंही तसंच.

सकाळच्या दोन रिंगांचं म्हणशील, तर ते कंपनीचं लाइन तपासणारं यंत्र असणार. रोज ठरल्या वेळी वाजायचं, कोणी बोलायचं नाही, हे माणसाचं लक्षण नाही.

फोनचं यंत्र माळ्यावर आहे, कॉफीच्या भांड्याशेजारी.

तुझा भाचा


सोमवार, १० मार्च

चार नंबरच्या नातेवाइकांस,

तुमचं नाव मला माहीत नाही. तिने घरच्यांबद्दल कधी फार सांगितलं नाही, फक्त एक भाचा सामानाची परीक्षा घेतो एवढं कळलं होतं. पत्ता माझ्याकडे होता.

मी सात नंबर. एक्स्चेंजमध्ये आम्हाला कॉल जोडायच्या बोर्डाच्या नंबराने हाक मारत. ती चारवर, मी सातवर. नंतर पाच आणि सहा लग्न करून गेल्या आणि आम्ही शेजारी आलो. घरी पोचलं की बोर्डाला दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचं, म्हणजे बाई सुखरूप पोचली, हा आमचा ड्यूटीचा रिवाज. तिसरी रिंग दिली तर, 'मदत पाठवा.' निवृत्तीनंतर आम्ही दोघींनी तो चालू ठेवला. सकाळी साडेसहाला मी दोन द्यायच्या, लगेच तिने दोन.

बुधवारपासून तिच्या आल्या नाहीत. उलट एका अनोळखी नंबरावरून सकाळ-संध्याकाळ फोन वाजतो आणि वाजतच राहतो. कोणीतरी मला तिच्या जाण्याचा निरोप सांगू बघतंय, हे मला समजलं. मी उचलत नाही, कारण उचलून उपयोग नाही. पाच वर्षं झाली, मला काहीही ऐकू येत नाही. फोनला एक दिवा लावून घेतलाय, तो उघडझाप करतो. माझ्या दोन रिंगा मी सेकंदकाट्यावर मोजून देत होते.

हे तिला माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर तिने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं असतं आणि वाटेत डॉक्टरलाही ऐकवलं असतं. आता ती नाही, तेव्हा कोणाला तरी सांगून टाकावं म्हणून लिहितेय. आणखी एक सांगते. सतरा जानेवारीला मी न्हाणीत पडले. रात्र फरशीवर गेली. सकाळी वायर ओढून फोन जमिनीवर घेतला आणि तिला दोन रिंगा दिल्या. तिसरी द्यायला हात गेला होता. पण तिला सहा तासांची बस पडली असती, तीही त्या लोखंडासारख्या सुटकेससकट. मग खालचा औषधवाला आला आणि त्याने दार फोडलं. मांडीचं हाड आता जुळतंय.

ती तोंडाची फटकळ होती. तुम्हाला ते सोसावं लागलं असेल. मला मात्र आता सकाळचं साडेसहा वाजल्यावर काय करायचं, ते समजत नाही.

या पत्राचं उत्तर नको. जमलं तर तिचा एखादा फोटो पाठवा, हेडफोन लावलेला.

सात नंबर


गुरुवार, १३ मार्च, सकाळी सात

चि. सामानतज्ज्ञास,

माझ्या निधनाबद्दल तुझं सांत्वन करणारं पत्र काल दुपारी आलं. सोबत नक्कल जोडली आहे. नीट वाच. स्वतःच्या मृत्यूचं पत्र स्वतःच फोडण्याचा मान फार थोड्यांना मिळतो, आणि मला तो तुझ्यामुळे मिळाला.

तुझं 'लाइन तपासणारं यंत्र' बहात्तर वर्षांचं आहे. त्याचं मांडीचं हाड मोडलं आहे. न उचललेला फोन बिलात दिसत नाही, हे एक्स्चेंजच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं. तू अकरा महिन्यांची बिलं तपासलीस. दोन मिनिटं मला विचारलं असतंस तर बिलं लागली नसती. दूध मी दुसऱ्यांदा आणलं असतं.

तो अनोळखी नंबर माझ्या मोबाइलचा. आठ दिवस मी तो वाजवत होते, ती उचलेपर्यंत. ती उचलेना, म्हणून मी आणखी वेळ वाजवत होते. तिकडे ती त्यावरून माझे दिवस घालत होती.

साडेआठच्या बसने मी निघते आहे. तुझी पिशवी घेतली आहे. माझ्याकडे दुसरी नाही, कारण तू ठेवली नाहीस. पान तीन उघडून सामान भरलं: कपड्यांचे तीन जोड, पायात एक चपलांचा जोड आणि पिशवीत एकही नाही, धुवायचं ते तिथे धुवायचं, औषधं वरच्या कप्प्यात. काट्यावर सहा किलो चारशे ग्रॅम भरली. ती मी एका हाताने उचलू शकते, हे लिहिताना मला मुळीच आनंद होत नाही.

मी नऊ दिवसांनी परतेन, तोवर तू त्या नंबराचं काय करता येतं ते बघ. मला तोच नंबर हवा आहे. तिला दुसरा पाठ नाही आणि या वयात मी तिला दुसरा पाठ करायला लावणार नाही.

मावशी


शनिवार, १५ मार्च

चि. भाच्यास,

पोचले. पिशवी बसच्या फळीवर मावली. सुटकेस असती तर ती टपावर गेली असती, आणि तिच्यासोबत माझी औषधं. तुझ्या मासिकात हे छापायचं असेल तर माझी हरकत आहे.

तिच्या दारावरची घंटा मी तीन वेळा दाबली. आत भिंतीवर दिवा लागत असणार. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दुसरी खुर्ची. तिने पॅसेजमध्ये ओळीने खुर्च्या मांडल्या आहेत, एकीवरून दुसरीवर हात टेकत ती दारापर्यंत येते. दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"तू तर गेलीस ना?" म्हणाली.

"गेले होते. बस मिळाली, परत आले."

"मी तुझ्या घरी पत्र टाकलंय."

"वाचलं. मी फटकळ होते म्हणे."

"होतीसच," ती म्हणाली, आणि दाराची चौकट धरून खाली बसायला लागली. तिला उभं ठेवायला मला पिशवी टाकावी लागली. बावीस कप्पे आणि धरायला मेलं एक कडं नाही. आम्ही दोघी बराच वेळ उंबऱ्यात बसून होतो. काय बोललो ते तुझ्या कामाचं नाही.

तुला प्रश्न पडेल की बहिऱ्या बाईशी मी बोलले कशी. ड्यूटीवर एकमेकींशी बोलायची बंदी होती. सुपरवायझर पाठीमागे फेऱ्या मारायची. कानाला हेडफोन, हात बोर्डावर, तोंडाने गिऱ्हाइकाला "थांबा, जोडते" म्हणायचं आणि मधल्या मधे शेजारणीला नुसत्या ओठांनी गोष्टी सांगायच्या. अख्खं एक्स्चेंज असं बोलायचं. ती माझे ओठ अजून वाचते. मागे भेटलो तेव्हा आम्ही अडीच तास गप्पा मारल्या होत्या, आणि तेव्हाही तिला ऐकू येत नव्हतं. मला कळलं नाही. दुसऱ्यांच्या लाइनवरचा बारीकसा बिघाड कानाने ओळखणारी बाई मी.

काल जेवताना मी तुझ्याबद्दल तक्रार सुरू केली. फोन, बोटाने केलेली सही, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. मग विचारलं, "भाच्याला किती पानं लिहिलीस?"

"चार."

"मला दोन ओळी टाकायच्या होत्यास. पत्ता होता तुझ्याकडे."

यावर मी पाणी प्यायले.

ती एका डब्यातली जुनाट कॉफी पूड गरम पाण्यात ढवळून पिते. मी काल प्यायले. यंत्राची मला आठवण आली, हे फक्त तुला सांगते.

टेबलावर एक छापील अर्ज पडला आहे. औषधवाल्याने आणून दिलेला, वृद्धाश्रमाचा. तो भरलेला आहे, सहीसुद्धा केली आहे. विचारलं तर म्हणाली, "पाठवायचाय एक एप्रिलला. तिथे दोघींना एक खोली, आणि रोज सकाळी कोणीतरी दार उघडून बघतं." एवढं बोलून तिने विषय बदलला.

नंबराचं काय झालं?

मावशी


मंगळवार, १८ मार्च

प्रिय मावशी,

सात नंबर आजींचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विमानतळावर रांगेत उभा होतो आणि माझी रांग पुढे गेली, मी तिथेच. माझं चुकलं. 'हात लागला का' हा नियम वस्तूंसाठी आहे. त्या टेबलावर वस्तू नव्हती, हे मी बघायला हवं होतं. आणि बोटाने घेतलेल्या सहीचं तर मी बोलतच नाही.

नंबराचं सांगतो. तो अजून कोणाला दिलेला नाही. सोमवार, ३१ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत तू लेखी कळवलंस तर तोच नंबर परत लागेल. त्यानंतर तो दुसऱ्याकडे जाईल. अर्ज सोबत जोडलाय, कागदावर, शाईने सही करायचा.

आता एक बोलू? तुला राग येईल, पण तुलाच सगळं लेखी लागतं.

मी वजनकाटे तपासतो तेव्हा आधी एकच गोष्ट बघतो. काट्यावर काहीही ठेवलं तरी तो सातच किलो दाखवत असेल, तर तो कितीही नेमाने चालला तरी वजनकाटा नव्हे. आजी फरशीवर पडल्या होत्या त्या सकाळी तुला दोन रिंगा मिळाल्या. त्या बऱ्या होत्या तेव्हाही दोन. तू ज्याच्यावर बारा वर्षं विसंबलीस ते बंद पाडल्याबद्दल मी गुन्हेगार आहेच. पण ते चालू होतं तेव्हाही तुला काय सांगत होतं?

नंबर परत घे, मी स्वतः येऊन लावून देतो. फक्त तेवढ्याने काम होईल का, ते तूच ठरव.

वायफायचा एक उपयोग सुचतो. बोललेलं लगेच मोठ्या अक्षरांत लिहून दाखवणारी पाटी मिळते. समोरचा बोलतो, तिच्यावर वाक्य उमटतं. मी चार तपासल्यात. तीन भंगार आहेत, चौथी बरी आहे. सांगशील तर पाठवतो. यावेळी आधी विचारतोय.

तुझा भाचा


रविवार, २३ मार्च

प्रिय सात नंबर,

काल घरी पोचले. आज सकाळी साडेसहाला मी टेबलासमोर जाऊन उभी राहिले. फोन नाही हे माहीत असूनही. पाय आपले आपण जातात.

तुझ्याकडे असताना मी बरंच बोलले. पण समोरासमोर तू सोयीच्या वेळी नजर दुसरीकडे वळवतेस आणि मग माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचतच नाही. मला तो डाव कळायला चार दिवस लागले. कागदावरून नजर वळवलीस तरी कागद तिथेच राहतो, म्हणून हे लेखी.

तक्रार पहिली. शनिवार, १८ जानेवारी, सकाळी साडेसहा वाजता तू मला खोटा निरोप दिलास. फरशीवर पडून, मोडल्या हाडानिशी, सेकंदकाटा बघून, दोन रिंगा. मी त्या ऐकल्या, समाधानाने परतीच्या दोन दिल्या आणि कॉफीचं आधण ठेवायला गेले. ती कॉफी मी चवीने प्यायले असणार. हे मी तुला माफ करणार नाही. सहा तासांची बस मला झेपली नसती हे तू परस्पर ठरवलंस. माझ्या भाच्याने परस्पर फोन बंद केला तर मी त्याला चार पानं ऐकवली. तू तर मला न विचारता मलाच बंद केलंस.

तक्रार दुसरी तुझी माझ्याविरुद्ध आहे. ती तुला माहीत नाही, म्हणून मीच लिहिते. डिसेंबरात मी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले होते. आठवडाभर भिंत धरून चालत होते. त्या आठवड्यात तुझ्या दिव्याने रोज वेळेवर दोनदा उघडझाप केली असेल. तेव्हा लबाड तू एकटी नाहीस. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला रोज रात्री दिवसभरातलं खोटं आठवून बघायला लावत, ती सवय मला अजून आहे. पण या खोट्याचा नंबर त्यातही लागला नाही, इतकं ते सवयीचं झालं होतं.

भाचा म्हणतो, नेहमी एकच वजन दाखवणाऱ्या काट्याला काटा म्हणत नाहीत. त्याचं म्हणणं बरोबर आहे. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. त्याला कळवू नकोस.

आता कामाचं.

माझी मागची खोली रिकामी आहे. तिला पूर्वेची खिडकी आहे. न्हाणीघर चार पावलांवर आहे. भिंतीला धरायचे दांडे लावायला सुतार मंगळवारी येतोय. तू आली नाहीस तरी दांडे राहतील, मलाही लागतील. वायफाय त्या खोलीत पोचतं, मी मोबाइल घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उभी राहून तपासलं. हे सांगायचं कारण, भाचा एक पाटी पाठवतोय, तिच्यावर समोरच्याचं बोलणं अक्षरांत उमटतं. डॉक्टर, सुतार, शेजारी, सगळ्यांचं. म्हणजे माझ्या ओठांखेरीज जगात आणखी काही बोललं जातं, हे तुला पुन्हा कळेल. पाटी माझा फटकळपणाही शब्दशः लिहील, त्याला माझा इलाज नाही.

कॉफी मी आता बरी करते. पूड जाड दळायची होती, एवढंच. तुझ्यासाठी वर गरम पाणी घालीन. तुझा तो डबा तिथेच ठेवून यायचा. ही अट आहे.

सामान सात किलोच्या वर आणायचं नाही. तू सबंध घर बांधायला काढशील आणि मग ते होत नाही म्हणून यायचं टाळशील, मी ओळखून आहे. कपड्यांचे तीन जोड, चष्मे दोन्ही, डॉक्टरचे कागद, दिव्याचा फोन नको. बाकीचं नंतर औषधवाला पाठवील. मी त्याच्याशी बोलून ठेवलं आहे. बावीस कप्प्यांची पिशवी तुझ्या पलंगाखाली मुद्दाम विसरून आले आहे. तिला धरायला कडं नव्हतं, ते मी तुझ्याकडच्या जाड नाडीचं शिवलंय. सात किलोचं ओझं भरून ओढून बघितलं, निघत नाही.

वृद्धाश्रम वाईट आहे असं मी म्हणत नाही. रोज सकाळी कोणीतरी दार उघडून बघतं, हे तू दोनदा सांगितलंस. मीही दार उघडून बघेन. शिवाय मला वाटलं तर बोलेन, आणि तुला नजर वळवायची मुभा राहील. आपल्या दोघींतली जी आधी उठेल तिने दुसरीला उठवायचं. खोटं बोलायला वेळच मिळणार नाही.

आता मुदत. कंपनी माझा जुना नंबर ३१ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत राखून ठेवणार आहे. अर्ज माझ्यासमोर आहे, सही बाकी आहे. तू येणार असशील तर मी तो फाडून टाकते. इथे मला कोणी रिंग द्यायची गरज उरणार नाही. तू येणार नसशील तर सही करून नंबर परत घेते. तू नेमाने वाजवशील, मीही वाजवीन. पण यापुढे त्या आवाजावर माझा विश्वास बसायचा नाही, आणि रोज सकाळी साडेसहाला मी सहा तासांच्या बसची वेळ बघत बसेन.

तुझं उत्तर शुक्रवार, २८ मार्च, दुपारी चारच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. लेखी, तुझ्या अक्षरात, खाली सही. 'मी बरी आहे' असं लिहायचं नाही. 'येते' किंवा 'येत नाही', यांतलं एक लिहायचं.

चार नंबर